बोटवाल्याची चौकशी

रविवारी दांडेलीच्या जंगलातल्या काळी नदीत रबरी बोटीतून जायचं ठरलंय, असं माझ्या मुलीनं जेवता जेवता सांगितलं आणि मी हातातला घास ताटात ठेवला. "ठरलंय" हा शब्द मला मुळातच आवडत नाही. ज्याला विचारायचं असतं तो "जाऊ का" म्हणतो. "ठरलंय" म्हणणाऱ्यानं काहीतरी लपवलेलं असतं.

तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. फोटोत निळी बोट, फेसाळलेलं पाणी, दोन्ही काठांना ऊन खाली पडू न देणारं दाट जंगल, आणि बोटीतली सगळी माणसं बत्तीशी दाखवत होती. मी फोटो मोठा करून एकेक तोंड बघितलं. सगळी तरणीताठी. माझ्या वयाचं एकही माणूस नाही.

"म्हातारी माणसं कुठं हायत ह्यात?"

"पप्पा, म्हातारी जात न्हाईत तिथं."

"जात न्हाईत, का परत येत न्हाईत?"

बायको पदर तोंडाला लावून हसली. तिला माझं सगळंच हसायला येतं. तिला कशाचा संशय म्हणून येत नाही. कलिंगडसुद्धा न वाजवता घेते आणि ते गोड निघतं, ह्याचाही मला राग येतो.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या, विहिरीवरच्या, नदीकाठच्या मोटारी जळल्या की माझ्याकडं येतात. महापूर ओसरला की दुकानासमोर रांग लागते. मोटार उघडली की आतून गाळ, काटक्या, एकदा तर मेलेला खेकडा निघाला होता. आपण पोलादाच्या कवचात गच्च बंद करून ठेवलेल्या वस्तूच्या आत नदी एवढा संसार मांडून जाते, तर रबराच्या बोटीचं काय घेऊन बसलात? पाण्याची भीती मला नाही. पंचगंगेत पोहायला शिकलोय, पोरीलाही मीच शिकवलंय. पण पाण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, एवढं मला कळतं.

आणि पोरगी एकुलती एक. तिच्या लग्नाचं बघणं चाललेलं. तिला काही झालं तर माझं ह्या जगात काय उरतंय? हे तिला सांगितलं, तर म्हणाली, "पप्पा, लगेच मरणावर कशाला जाताय?"

शेवटी मी अट घातली, मीबी येणार. गाडी आपली न्यायची. ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी येणार होत्या त्या येऊ देत. मुलगी हो म्हणाली. इतक्या लवकर हो म्हणाली, की मला त्याचाही संशय आला.

दुसऱ्या दिवशी दुकानातनं मी त्या बोटवाल्या कंपनीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडं एक गोड आवाजाचा गडी. आधी हिंदीत बोलला, मग कोल्हापूर म्हटल्यावर मराठीत आला.

"बोट फुटली तर?"

"सर, आत वेगवेगळे कप्पे असतात. एक फुटला तरी बोट तरंगते."

"आणि पाणी? हिवाळ्यात पाणी कुठनं आणलं एवढं?"

"धरणातून सोडतात, सर. वरती सुपा धरण आहे. वीज तयार झाली की पाणी खाली येतं, त्याच्यावरच आपलं राफ्टिंग."

झालं! म्हणजे पाणी नदीच्या मनावर नाही, वर बसलेल्या कुणा माणसाच्या मनावर. आम्ही कोल्हापूरकर पावसाळ्यात देवाआधी धरणाचा विसर्ग विचारणारी माणसं. राधानगरीचे दरवाजे निदान आपोआप उघडतात, त्यांना डुलकी लागत नाही. इथं बटण दाबणाऱ्याला शिंक आली तर? मी ते विचारलं. गडी हसला आणि म्हणाला, "सर, हंड्रेड पर्सेंट सेफ. विमा पण आहे."

मी आयुष्यात गिऱ्हाइकाला शंभर टक्के असं कधी म्हटलेलं नाही. आणि न विचारता जो विम्याचं सांगतो, त्याला काहीतरी माहीत असतं. मी म्हटलं, "ते जाऊ दे. बोट हाकणार कोण?"

"मागं गाईड बसतो. तुम्हाला आमचा सगळ्यात जुना देतो. इथलाच आहे, जंगलातल्या गावचा." त्यानं नाव आणि गाव सांगितलं.

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बोट नाही, धरण नाही, सगळं त्या मागं बसणाऱ्या माणसावर आहे. त्याचीच चौकशी करायची.

आता आमच्याकडची चौकशी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगायला पाहिजे. पोरीसाठी स्थळ आलं की आम्ही पत्रिकेआधी चौकशी करतो. पोराच्या गावात आपला कोण पावणा आहे ते काढायचं. त्यानं गावात जायचं, पानपट्टीवर, डेअरीवर, किराणा दुकानात बसायचं, आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारत पोराबद्दल विचारायचं. पितो का, चिडतो का, आईशी कसा वागतो. का विचारतोय ते मात्र सांगायचं नाही. कारण सांगितलं की गाव सावध होतं आणि गोड बोलायला लागतं. ह्या पद्धतीनं मी माझ्या पोरीची दोन चांगली दिसणारी स्थळं परत पाठवली होती. त्यातला एक तर शेजाऱ्याच्या कुत्र्याला दगड मारायचा. कुत्र्याला मारणारा उद्या कुणाला मारेल, सांगता येत नाही.

तर मी बेळगावच्या साडूला, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला, फोन केला. त्याची लाकडाची वखार आहे, त्या जंगलाच्या बाजूला त्याची ऊठबस. त्याला पोराचं नाव, गाव सांगितलं आणि म्हटलं, "जरा माणूस बघून ये. पोहतो कसा, पाण्याला घाबरतो का, तेबी विचार. गुपचूप. कारण कुणाला सांगू नकोस."

"काय हो, एवढं काय गुपित?" साडू म्हणाला.

"पोरीचा मामला हाय, एवढंच समज," मी म्हणालो. खोटं काय त्यात? पोरीचाच मामला होता.

साडूनं अगदी मनापासून काम केलं. त्याचा फोन आला तेव्हा मी एका जळक्या मोटारीचं तांबं काढत होतो. हातातलं टाकून ऐकत बसलो. पोरगा पीत नाही, तंबाखू नाही, गुटखा नाही. वडील वारलेत. आई आणि तो, दोघंच. थोडी भातशेती, सुपारीची झाडं. पहाटे उठतो. नदीतनं माणसं काढायचं रीतसर शिक्षण घेतलंय, पावसाळ्यात कुणी वाहून गेलं तर गाव आधी त्याला हाक मारतं.

एवढा चांगला माणूस असतो कुठं? मला जास्तच संशय आला. मी म्हटलं, "साडू, हे कुणी सांगितलं? त्याच्या नात्यातल्यानं न्हवं?"

"किराणावाल्यानं."

"किराणावाल्याची उधारी फेडत असंल तो वेळच्या वेळी. दुसऱ्या कुणाला विचार. राग कसा हाय विचार. आणि उंची किती, अंगात ताकद किती. चष्मा हाय का. झोप कशी हाय."

आज हे लिहिताना माझं मलाच कळतं, की मी एकेक प्रश्न नवरदेवाचाच विचारत होतो. पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं फक्त उलटलेली बोट होती. पोरीला पाण्यातनं ओढायची तर माणूस उंच पाहिजे, ताकदीचा पाहिजे, लांबचं दिसणारा पाहिजे. तापट असला तर गडबडून जाईल. घरी वाट बघणारं कुणी असलं तर जपून वल्हं मारेल. सगळ्याला माझ्याकडं कारण होतं.

साडूचं उत्तर आलं. राग नाही. उंची चांगली. चष्मा नाही. आणि संध्याकाळी मोबाइलवर एक फोटो आला.

मला वाटलं, बोटीतला असेल. हेल्मेट, वल्हं, निळं जॅकेट. तर फोटोत घराच्या दारात, तुळशीजवळ, एक सावळा उंच पोरगा पांढरा इस्त्रीचा शर्ट खोचून उभा. हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे दोन्ही बाजूंना सोडलेले. केसाला तेल.

मी फोटो बायकोला दाखवला. तिनं चष्मा लावून बघितला आणि माझ्याकडं बघितलं.

"अहो, हा फोटो बोटीचा न्हाय."

"ते मलाबी दिसतंय."

"हा बघायला दिल्यावाणी फोटो हाय."

ते मला पटलं. पण संशयी माणसाचं डोकं वाकड्या वाटेनंच जातं. मला वाटलं, हे पोरीचंच काम! हिचं आणि ह्याचं आधीपासून काहीतरी आहे. म्हणून ती काळी नदी, म्हणून ते "ठरलंय", म्हणून माझी अट लगेच कबूल. मला बोटीत बसवून जावई दाखवायचा बेत. नाहीतर कोल्हापुरात पाण्याचा काय दुष्काळ पडलाय म्हणून एवढ्या लांब जायचं?

पोरगी ऑफिसातनं आली. पर्स खाली ठेवायच्या आत मी फोटो पुढं धरला.

"कोण हा?"

"मला काय माहीत? कोण हाय?"

"मला शिकवू नको. खरं बोल."

"पप्पा, आईशप्पथ, मी ह्या माणसाला आयुष्यात बघितलेलं न्हाय. तुमच्या मोबाइलवर त्याचा फोटो कशाला?"

आता मी फसलो. सांगावं लागलं, की रविवारी बोट हाकणार तो हा आणि मी त्याची चौकशी लावलीय. पोरगी आधी हसली. मग मी साडूला काय काय विचारलं ते तिनं एकेक करून माझ्याकडनं काढून घेतलं आणि हसायची थांबली.

"पप्पा, तुम्ही उंची विचारली? स्वभाव विचारला? कारण सांगितलं न्हाय? त्या लोकांना काय वाटलं असंल?"

"काय वाटायचंय?"

"बेळगावच्या काकांना फोन लावा. आत्ताच्या आत्ता."

साडूचा फोन लागला नाही. जंगलात रेंज नसते. मी म्हटलं, उद्या बघू. पण रात्रभर मला तो तुळशीजवळचा फोटो दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडतोय तोवर अनोळखी नंबर वाजला.

"कोल्हापूरचे पावणं काय?" बाईमाणसाचा आवाज. मराठी आमचीच, पण बोलण्याला कानडी हेल. "मी मुलाची आई बोलते. नंबर तुमच्या बेळगावच्या पावण्यांनी दिला. बोललं तर चालतंय न्हवं?"

"बोला की," मी म्हटलं. डब्याचं झाकण हातातच राहिलं.

"तुम्ही बघायला कधी येताय, तेवढं विचारायचं होतं. रविवारी त्याचं बोटीचं काम असतंय, पण मी त्याला सुट्टी घ्यायला लावते. तो म्हणाला, असं कसं सांगू कंपनीला. मी म्हटलं, अरे, माणसं एवढ्या लांबनं यायचीत. कालच दांडेलीला जाऊन केस कापून आलाय बघा."

रविवारी आमच्याच बोटीवरनं त्याला सुट्टी घ्यायला लावत होती ती.

"खरं सांगू का पावणं," ती पुढं म्हणाली, "आधी तीन-चार ठिकाणांहून विचारून गेले. नदीवर काम करतो म्हटलं की परत फोन न्हाय. म्हणतात, पाण्यातल्या माणसाला पोरगी कशी द्यायची. तुमच्या पावण्यांनी मात्र नदीचंच जास्त विचारलं. पोहतो कसा, घाबरतो का, माणूस कसं बाहेर काढतो. मी मुलाला म्हटलं, बघ, पहिली माणसं अशी आली, जी तुझं काम समजून घ्यायलीत."

आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. दुकानाची फरशी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. खोटं बोलायचा मोह झाला. पत्रिका जुळत नाही, पोरीला अजून लग्न करायचं नाही, काहीही. पण रविवारी त्याच्यासमोर त्याच्याच बोटीत बसायचं होतं. मी खरं सांगितलं. अडखळत, माफी मागत, उलटसुलट, पण सगळं सांगितलं. पोरगी बोटीत बसणार, तिच्या जिवाची काळजी, म्हणून बोट हाकणाऱ्याची चौकशी.

पलीकडनं कोंबड्या ओरडत होत्या तेवढ्या ऐकू आल्या. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

"म्हणजे," ती हळू म्हणाली, "बोटीत पोरीचा जीव माझ्या मुलाच्या हातात द्यायला चालतंय."

"व्हय," मी म्हटलं.

"तेवढंच चालतंय."

मी डब्याचं झाकण परत लावलं.

"असू दे," ती म्हणाली. "तुम्ही या. पोरीची काळजी करू नका, त्याच्या बोटीतनं आजवर कुणाला काही झालेलं न्हाय. फक्त तुम्हीच ते, असं त्याला सांगू नका. मी सांगते त्याला, पत्रिका जुळली न्हाय. त्याची सवय हाय त्याला."

तिनं फोन ठेवला. डबा मी तसाच घरी आणला. बायकोनं उघडून बघितला आणि विचारलं, काय झालं. मी दोघींना बसवून सांगितलं. पोरगी उठून आत गेली. तिला माझा राग आला होता आणि तो रास्त होता.

बायकोनं कणीक मळायला घेतली. मग म्हणाली, "अहो, पोरगा एवढा चांगला हाय. निर्व्यसनी, आईला धरून. मग खरंच बघायला काय हरकत हाय?"

"नदीवर काम करणाऱ्याला पोरगी द्यायची?" माझ्या तोंडातनं गेलं.

बोलून झालं आणि मी काय बोललो ते माझ्याच कानांनी ऐकलं. बायकोनं माझ्याकडं बघितलंही नाही. चपात्या लाटायला लागली.

मी म्हटलं, आपण जायचंच नको. आतनं पोरगी ओरडली, "आता तर जायलाच पायजे. त्याची आशा तुम्ही घालवली, कामबी घालवताय काय?" तिच्यापुढं माझं काही चाललं नाही. मैत्रिणींचं ठरलेलं होतं. बायको म्हणाली, मी काठावर बसते, तुम्ही दोघं जा.

रविवारी अंधार असतानाच निघालो. निपाणी, बेळगाव, खानापूर. खानापूरच्या पुढं झाडं दोन्ही बाजूंनी इतकी जवळ आली, की सकाळ झालेली असून गाडीचे दिवे बंद करवेनात. मैत्रिणींना काही माहीत नव्हतं, त्या मागं गाणी म्हणत होत्या. मी वाटेत देवाला एकच मागत होतो, की आज त्याच्याऐवजी दुसरा कुणीतरी येऊ दे.

तोच होता. नदीकाठच्या उतारावर बोटीला पंपानं हवा भरत होता. फोटोतल्यापेक्षा उंच वाटला. आमच्याजवळ आला, सगळ्यांना हेल्मेट दिली, वल्हं कसं धरायचं ते दाखवलं, बोटीबाहेर पडलात तर पाय पुढं करून आडवे व्हा, दोरी टाकेन ती धरा, असं सांगितलं. आवाज शांत. माझ्या एकाही प्रश्नाला जागा ठेवली नाही त्यानं. मग माझ्या जॅकेटचे पट्टे ओढता ओढता विचारलं, "काका, कुठून आलात?"

"सांगली," मी म्हणालो.

कोल्हापूरचा माणूस एक वेळ मरेल, पण स्वतःला सांगलीचा म्हणवून घेणार नाही. मी म्हणालो. पोरीनं खाली बघितलं.

त्यानं मान हलवली आणि सहज वर रस्त्याकडं बघितलं. तिथं आमची गाडी उभी होती, तोंड आमच्याकडं करून. नंबर स्वच्छ दिसत होता, एमएच नऊ. इथं रोज गाड्या बघणाऱ्या माणसाला नऊ म्हणजे कोल्हापूर हे शिकवायला लागत नाही. तो थोडा वेळ तसाच बघत राहिला. मग त्यानं पोरीकडं बघितलं, एकदाच, आणि माझा पट्टा पुन्हा ओढून बघितला.

बसायची वेळ आली तेव्हा त्यानं सगळ्यांना जागा सांगितल्या. पोरीला म्हणाला, "तुम्ही पुढं बसा, एकदम टोकाला." स्वतःपासून सगळ्यात लांब. मला कळलं, का ते. काठावर बसलेल्या माझ्या बायकोलाही कळलं, तिनं तोंड फिरवलं.

वळणाच्या पलीकडं पाण्याचा आवाज येत होता. धरणाचं पाणी सुटलं होतं. दळणाची गिरणी चालू असावी असा घरघराट, आणि तो वाढत होता. पुढं टोकाला माझी पोरगी दोरी धरून बसली होती, तिची बोटं पांढरी पडली होती.

"भाऊ," मी म्हणालो, "तिला तुमच्याजवळ बसवा."

तो वल्हं हातात घेऊन थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. खरंच विचारावं तसं त्यानं विचारलं.

"तुम्हाला चालेल?"

मला त्याच्याकडं बघवेना. मी नुसती मान डोलावली आणि पोरगी उठून त्याच्याजवळ जाऊन बसली.